काकांच्या डब्यातली खेळांची चांदीची नाणी: म्युनिक, मॉन्ट्रियल, मॉस्को, एशियाड. खरी किंमत कशी काढायची?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. काका मर्चंट नेव्हीत होते, ते गेल्यावर त्यांच्या डब्यात निघाली म्युनिक ऑलिम्पिकची १० मार्कवाली १४ नाणी, मॉन्ट्रियलचा ४ नाण्यांचा एक बॉक्स, मॉस्कोची दोन, दिल्ली एशियाडचं १०० रुपयांचं एक आणि १० रुपयांचं एक, आणि फिनलंडचं एक छोटं नाणं. सराफ म्हणतो मोडीच्या भावात घेतो वर घट कापणार, आणि भाच्याने मोबाईलवर जाहिरात दाखवली की यातलं "चुकीचं" म्युनिक नाणं लाखोंना जातं. तर खरं काय, ठेवू की विकू, आणि अशी अजून घेऊन ठेवली तर पुढे फायदा आहे का.

मी बरीच वर्षं हीच नाणी घेतो-विकतो, प्रदर्शनांत टेबल लावतो, त्यामुळे सरळ सांगतो. सराफ पूर्ण चूक नाही आणि जाहिरात पूर्ण खोटी आहे. खेळांच्या स्मारक नाण्यांपैकी बहुतेक नाण्यांची किंमत त्यातल्या चांदीएवढीच असते, फार तर थोडी वर. कारण ही नाणी जपून ठेवण्यासाठीच विकली गेली आणि लोकांनी खरंच जपून ठेवली, लग्नात आहेर आलेल्या स्टीलच्या भांड्यांसारखी, प्रत्येकाच्या माळ्यावर आहेत आणि सगळी नवीकोरी. यात महाग होतं ते नाणं जे त्या वेळी कोणी घेतलंच नाही. स्पर्धा किती गाजली, भारताला किती मेडल मिळाली, नाणं दिसायला किती देखणं, याचा भावाशी संबंध फार कमी. त्या वर्षी काउंटरवर किती नाणी पडून राहिली याचा संबंध जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की डब्यातलं प्रत्येक नाणं तुम्ही स्वतः तपासू शकता.

आता हिशेब. नाण्याचं वजन गुणिले टंच (शंभरात चांदी किती, ते प्रमाण) म्हणजे चोख चांदी, आणि त्याला त्या दिवसाच्या ग्रॅमच्या भावाने गुणायचं, बास. मी इथे रुपये लिहीत नाही कारण चांदी आजकाल आठवड्यात कुठून कुठे जाते, तुम्ही वाचाल तेव्हा माझा आकडा शिळा झालेला असेल. म्युनिकचं १० मार्क १५.५ ग्रॅमचं आणि टंच ६२.५, म्हणजे चोख चांदी ९.६९ ग्रॅम. मॉन्ट्रियलचं ५ डॉलर २४.३ ग्रॅम, १० डॉलर ४८.६ ग्रॅम, दोन्हींचं टंच ९२.५, म्हणजे चोख अनुक्रमे २२.४८ आणि ४४.९६ ग्रॅम. तुमच्या बॉक्समध्ये दोन लहान दोन मोठी असणार, तेव्हा एका बॉक्समध्ये साधारण १३५ ग्रॅम चोख चांदी झाली, हे सोडून देण्यासारखं नाही. मॉस्कोचं ५ रुबल १६.६७ ग्रॅम आणि १० रुबल ३३.३ ग्रॅम, टंच ९०, म्हणजे लहानात १५ आणि मोठ्यात ३० ग्रॅम. एशियाडचं १०० रुपये ३५ ग्रॅम आणि त्यात अर्धीच चांदी, साडेसतरा ग्रॅम. फिनलंडचं ५०० मार्का १२ ग्रॅम, त्यातही अर्धी, म्हणजे ६ ग्रॅम.

म्हणजे सराफाने सगळी नाणी एकत्र तागडीत टाकून "सरसकट साठ टक्के धरतो" असं म्हटलं तर मॉन्ट्रियलमध्ये तुमचं चांगलंच नुकसान आहे. प्रत्येक प्रकार वेगळा ठेवून वजन करायला सांगा. सराफाकडे परदेशी नाण्याचा तक्ता नसतो, त्यावर आपला हॉलमार्क पण नसतो, त्यामुळे तो सेफ बाजूने कमी टंच धरतो, त्यात लबाडी असतेच असं नाही.

खरी आहेत का हे घरी कसं बघायचं? चुंबकाची टेस्ट सगळे करतात पण ती अर्धवट आहे. नाणं चुंबकाला चिकटलं तर खोटं हे खरं, पण नाही चिकटलं म्हणून चांदी असं नाही, कारण कॉपर-निकेल पण चिकटत नाही आणि चांदीसारखं दिसणारं बहुतेक तेच असतं. त्यापेक्षा दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं धरा, आता काटा जो आकडा दाखवतो तो लिहा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता आली. मॉन्ट्रियलच्या १० डॉलरला हा पाण्यातला आकडा ४.७ च्या जवळ यायला पाहिजे, कॉपर-निकेलचं असतं तर साडेपाचच्या जवळ गेला असता. म्युनिकला साधारण १.५७, एशियाडच्या १०० ला ३.६ ते ३.७. थोडं इकडेतिकडे झालं तर घाबरू नका, दोरा आणि बुडबुडे गडबड करतात, दोनतीनदा करा. बॉक्समधलं नाणं कॅप्सूलमध्ये सील असेल तर मात्र या टेस्टसाठी फोडू नका, तिथे वजन, व्यास आणि कडेचं काम बघून भागतं. तसंही तुमची नाणी काकांनी त्या त्या काळात त्या त्या बंदरात घेतलेली दिसतात, म्युनिकच्या नाण्याची नक्कल करून कोणाला काही मिळत नाही, त्यामुळे मला फोटोवरून तरी शंका वाटत नाही. शंका घ्यायची ती आज ऑनलाइन "ऑलिम्पिक सिल्व्हर कॉइन" म्हणून मिळणाऱ्या चकचकीत गोष्टींवर, ज्यावर देशाचं नावही नसतं आणि दर्शनी मूल्यही नसतं. ते नाणंच नाही, मुलामा दिलेला बिल्ला आहे.

आता म्युनिक, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

पश्चिम जर्मनीने १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी १० मार्कची नाणी काढली, पहिली १९७० च्या सुरुवातीलाच बाहेर आली पण सगळ्यांवर साल १९७२ च आहे. पहिल्या नाण्यावर मधे किरणांची भोवऱ्यासारखी खूण आणि भोवती जर्मनमध्ये लिहिलं होतं की १९७२ चे ऑलिम्पिक खेळ जर्मनीत, "इन डॉइचलांड". यावर पूर्व जर्मनी भडकला. त्यांचं म्हणणं, ऑलिम्पिक शहराला दिलं जातं, देशाला नाही, आणि जर्मनी म्हणजे फक्त तुम्ही का? त्यातून म्युनिक हे पहिलंच उन्हाळी ऑलिम्पिक होतं जिथे पूर्व जर्मनीची टीम स्वतःच्या झेंड्याखाली उतरणार होती, म्हणजे जखम ताजीच. शेवटी पुढच्या नाण्यांवर "इन म्युन्शेन", म्हणजे म्युनिकमध्ये, असं करावं लागलं, आणि तीच भोवऱ्याची खूण नव्या अक्षरांसह परत काढली. म्हणून भोवऱ्याची नाणी दोन प्रकारची दिसतात.

जाहिरातवाले यालाच "एरर कॉइन" म्हणतात. एरर वगैरे काही नाही, मुद्दाम लिहिलेलं होतं आणि वाद झाला म्हणून पुढे बदललं. आणि मुख्य म्हणजे वाद होईपर्यंत ती नाणी निघालेली होती, किती? एक कोटी. चार टांकसाळींत प्रत्येकी २५ लाख. एवढ्या नाण्यांना दुर्मिळ कोण म्हणणार! उलट वादाची गोष्ट पेपरात आल्यावर लोकांनी ती जास्तच राखून ठेवली, त्यामुळे आज जर्मनीत कुठल्याही नाण्यांच्या दुकानात ती चांदीच्या भावाला मिळतात. सगळ्या सहा प्रकारांची मिळून दहा कोटी नाणी पाडली होती, म्हणजे दर्शनी मूल्याने शंभर कोटी मार्क. त्यातली चांदी तेव्हा दहा मार्कपेक्षा स्वस्त होती, मधला फरक सरकारला मिळाला आणि ऑलिम्पिकच्या खर्चाचा मोठा भाग त्यातून निघाला. लोकांनी हौसेने दहा मार्क देऊन नाणं घरी नेलं आणि स्टेडियमला हातभार लावला असं म्हणा हवं तर. मला हा प्रकार प्रामाणिक वाटतो, कारण माणसाने दहा मार्क दिले आणि त्याच्या हातात दहा मार्कच आले, वर एक पैसा प्रीमियम नाही. नंतरच्या ऑलिम्पिकवाल्यांनी हा प्रामाणिकपणा सोडला, ते पुढे येतंच.

तुमच्या १४ नाण्यांत काय बघायचं तर मिंट मार्क, म्हणजे टांकसाळीची खूण. एक छोटं अक्षर असतं, डी म्हणजे म्युनिक, एफ म्हणजे श्टुटगार्ट, जी म्हणजे कार्ल्सरूह, जे म्हणजे हॅम्बुर्ग. सहा डिझाइन गुणिले चार अक्षरं अशी २४ नाण्यांची पूर्ण ओळ जमवणारे लोक आहेत, तुमच्याकडे १४ मधे वेगवेगळी किती निघतात ते लावून बघा, एखाद्या जमवणाऱ्याला हवं असलेलं अक्षर निघालं तर तो सराफापेक्षा थोडे जास्त देईल. थोडे म्हणजे थोडेच. काका जहाजावर होते तर माझा अंदाज, हॅम्बुर्गची "जे" अक्षरवाली जास्त निघतील. हो, आणि म्युनिकला आपल्याला हॉकीत ब्राँझ होतं, त्यामुळे मी स्वतः स्टेडियमवालं एक ठेवलंय, पण ते हौस म्हणून.

एक गोष्ट सराफ सांगणार नाही. मार्क बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी जर्मनीची केंद्रीय बँक मार्कची नाणी आजही युरोत बदलून देते, मुदत नाही, दर कायमचा ठरलेला, एका युरोला १.९५५८३ मार्क. म्हणजे दहा मार्कला ५.११ युरो. चांदी यापेक्षा जास्त भरते तोवर याचा उपयोग नाही, पण चांदी कितीही पडली तरी खाली हा तळ आहे, एवढं लक्षात ठेवा. कोणी नातेवाईक तिकडे असेल तर.

मॉन्ट्रियल. १९७३ ते १९७६ या काळात कॅनडाने ७ मालिका काढल्या, प्रत्येकीत ४, एकूण २८ चांदीची नाणी, शिवाय सोन्याचं १०० डॉलर वेगळं. विषय नकाशे आणि शहरं इथून सुरू होऊन मग ऑलिम्पिकची जुनी प्रतीकं, कॅनडातले जुने खेळ, धावणं-फेकणं, पाण्यातले खेळ, सांघिक खेळ असे. सगळे २८ एकत्र केले तर चोख चांदी जवळजवळ ९४४ ग्रॅम भरते, म्हणजे किलोला थोडी कमी, त्यामुळे चांदी वर गेली की पूर्ण सेटवाले लोक अचानक फोन करायला लागतात. मॉन्ट्रियलचं ऑलिम्पिक नाणी, टपाल तिकिटं आणि लॉटरी यांवर स्वतःचा खर्च स्वतः भागवणार असं तेव्हा सांगितलं होतं. प्रत्यक्षात शहराच्या डोक्यावरचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं. नाणी काही कमी विकली नव्हती, पण खर्चच इतका वाढला की नाणी कुठे पुरणार.

इथे जपायचं ते पॅकिंग. साधी यूएनसी (म्हणजे न वापरलेली, नेहमीच्या पद्धतीने पाडलेली) नाणी कॅप्सूलमध्ये, साध्या केसमध्ये यायची, प्रूफ नाणी लाकडी बॉक्समध्ये कागदपत्रासह. प्रूफ म्हणजे आरशासारखी पार्श्वभूमी आणि वर उठलेलं चित्र दुधी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॉक्स लाकडी दिसतोय, तर बहुधा प्रूफ. नाण्यांना हात लावू नका, बोटाचा ठसा प्रूफवर कायमचा बसतो. बॉक्स, कागद आणि चारही नाणी एकत्र राहिली तर सेट म्हणून जातो, एक नाणं भावाला दिलं एक बहिणीला दिलं की उरलेली सराफाच्या तागडीत. वाटणी करायची असेल तर पैशाची करा. या मालिकेत खरंच शोधण्यासारखं एकच आहे, पहिल्या मालिकेतलं जगाच्या नकाशाचं १० डॉलर. ते १९७३ चं असायला पाहिजे पण काहींवर चुकून १९७४ साल आलं, दोन डायची, म्हणजे नाणं पाडायच्या ठशांची, सरमिसळ झाली. ते मात्र दुर्मिळ आहे, तुमचा बॉक्स पहिल्या मालिकेचा असेल तर भिंग घेऊन साल वाचा.

मॉस्कोबद्दल थोडक्यात, कारण तुमची दोनच आहेत. १९७७ ते १९८० या सालांची पाच आणि दहा रुबलची २८ चांदीची नाणी, सोनं आणि प्लॅटिनमची वेगळी. अमेरिकेने बहिष्कार टाकला त्याने तिकडच्या विक्रीवर परिणाम झाला, पण आपल्याला भाव देणारी नाणी त्यातून फारशी निघाली नाहीत. कारागिरी सुरेख, किंमत चांदीची. सोव्हिएत काळातल्या एक रुबलच्या ऑलिम्पिक नाण्यावर क्रेमलिनच्या घड्याळात चारच्या जागी सहाचा रोमन आकडा पडलेला आहे, ती गमतीची चूक बरेच जण चांदी समजून विकतात, पण एक रुबल कॉपर-निकेलचं, चांदीशी संबंध नाही.

आता एशियाड, आणि इथे भारतातलेच लोक सगळ्यात जास्त फसतात. १९८२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिल्लीला नववं एशियाड झालं तेव्हा २५ पैसे, २ रुपये, १० रुपये, १०० रुपये वगैरे नाणी आली. बोधचिन्ह जंतरमंतरचं, अप्पू हत्ती नव्हे, अप्पूचं नाणं म्हणून कोणी विकत असेल तर पुढे चला. २५ पैसे आणि २ रुपये बाजारात फिरले, तुम्हीही हाताळले असतील. १० रुपयांचं मोठं दिसतं आणि चमकतं म्हणून "सिल्व्हर" सांगून विकतात, ते कॉपर-निकेल आहे. चांदी फक्त १०० च्या नाण्यात, आणि तीही अर्धी, बाकी ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. १०० चं नाणं ४४ मिलिमीटरचं आहे, दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

सालाखाली बघा. मुंबई टांकसाळीची खूण पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छोटा ठिपका, आणि त्या काळात मुंबईच्या प्रूफ नाण्यावर बी अक्षर. बी असेल तर प्रूफ, भाव वेगळा. आणि हे भारताचं नाणं तरी सराफाकडे वितळवायला देऊ नका, ताई, २०११ च्या नाणे कायद्याने सरकारी नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, सराफ "काही होत नाही" म्हणेल, म्हणू दे. शिवाय व्यवहार म्हणून पण मूर्खपणाचं आहे, कारण एशियाडचं १०० हे तुमच्या डब्यातलं असं नाणं आहे ज्याला भारतातच गिऱ्हाईक आहे आणि साडेसतरा ग्रॅम चांदीपेक्षा जास्त देणारं आहे. कारण तेच, तेव्हा ते टांकसाळीकडे पैसे भरून सेट म्हणून मागवावं लागायचं आणि किती जणांनी मागवलं? मॅच बघायला लोकांनी रंगीत टीव्ही घेतले, १०० रुपयांचं नाणं कोण घेतो. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थलाही असाच प्रकार, २ आणि ५ रुपये बाजारात आले आणि अर्ध्या चांदीचं १०० फक्त सेटमध्ये.

"न विकलेलं महाग" याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अटलांटाचं आहे, तुमच्या डब्यात नसलं तरी सांगतो, कारण अजून घेऊ का या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून अमेरिकेने चांदीच्या डॉलरवर वरकड रक्कम लावली, एका डॉलर-नाण्यामागे १० डॉलर सरळ ऑलिम्पिकच्या तिजोरीत. ते चाललं. मग १९९५-९६ ला अटलांटासाठी हाव सुटली, १६ वेगवेगळी नाणी, प्रत्येक यूएनसी आणि प्रूफ, म्हणजे पूर्ण संग्रह करायचा तर ३२ नाणी. त्यात ८ चांदीचे डॉलर. जमवणारे कंटाळले, अनेकांनी मधेच सोडून दिलं. परिणाम असा की १९९६ चे चार डॉलर, म्हणजे टेनिस, उंच उडी, नौकानयन आणि पॅरालिम्पिकची व्हीलचेअर, यांची डेन्व्हरची यूएनसी नाणी प्रत्येकी फक्त साडेचौदा ते सव्वासोळा हजारांच्या दरम्यान विकली गेली. अमेरिकेसारख्या देशात हा आकडा काहीच नाही. आज त्या मालिकेत भाव आहे तो नेमका याच चार नाण्यांना, आणि त्यांचीच प्रूफ नाणी, जी कितीतरी जास्त खपली, ती स्वस्तात मिळतात. दिसायला प्रूफ छान, भाव यूएनसीला, नवख्या माणसाला हे पटतच नाही. टेनिसचं नाणं मला विशेष आवडतं कारण अटलांटाला लिअँडर पेसने एकेरीत ब्राँझ आणलं, घराणं मूळचं गोव्याचं. नाण्यावर मात्र खेळाडू बाई आहे. या गोंधळानंतर अमेरिकेने कायदाच केला की वर्षाला दोनच स्मारक कार्यक्रम.

फिनलंडचं नाणं मी मुद्दाम मागे ठेवलं. ते १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचं ५०० मार्का आहे, आधुनिक ऑलिम्पिकचं पहिलं स्मारक नाणं हेच मानतात. हेलसिंकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खाशाबा जाधव येणार, कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराड-कोल्हापूर-सांगलीकडचे जमवणारे हे नाणं मागतात ते त्याच्यासाठी, फिनलंडशी कोणाला काय देणंघेणं! चांदी फक्त ६ ग्रॅम, पण हे तागडीत टाकायचं नाणं नाही.

यावर साल काय आहे ते फोटोत नीट दिसत नाही, तेवढं परत पाठवा. १९५२ असेल तर ५ लाख ८६ हजारांच्या वर निघालेली आहेत, छान नाणं, परवडणारं. आणि १९५१ असेल तर सावकाश बसा, कारण खेळाच्या आदल्या वर्षी पाडलेली फक्त १८,५०० च आहेत. एका आकड्याचा फरक, भाव कितीतरी पट. आणि यामुळेच १९५२ चा शेवटचा आकडा खरवडून १९५१ केलेली नाणीही निघू शकतात, तर भिंगातून त्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग बघा, बाकी ठिकाणी जसा आहे तसाच पाहिजे, ओरखडे किंवा खळगा नको. १९५१ निघालं तर ते ग्रेडिंगला (खरेपणा आणि दर्जा तपासून देणाऱ्यांकडे) पाठवून, सील करूनच विका, नुसतं हातात घेऊन फिरू नका.

बाकी देशांचं एका दमात. टोकियो १९६४ चं १००० येन, फुजी डोंगर आणि चेरीची फुलं, २० ग्रॅम, ९२.५ टंच, दीड कोटी नाणी, जपानी लोकांचं त्यावर प्रेम आहे म्हणून चांदीच्या वर भाव टिकून आहे, माझ्या सिद्धांतात न बसणारा हा एक अपवाद. मेक्सिको १९६८ चं २५ पेसो, चेंडू खेळणारा ॲझ्टेक, २२.५ ग्रॅम, ७२ टंच, तीन कोटींच्या आसपास, त्यातली बरीच मुशीत गेली असणार, तरी भरपूर उरली. त्यात ऑलिम्पिकची वर्तुळं एका रेषेत की मधलं खाली यावरून प्रकार पडतात, खाली असलेलं कमी मिळतं. आणि नंतरच्या काळात छोट्या छोट्या बेटांच्या नावाने खासगी कंपन्या विकतात ती ऑलिम्पिक आणि फुटबॉल वर्ल्डकपची रंगीत नाणी, त्या बेटावरच्या माणसाने ती कधी बघितलेलीही नसतात. दिसायला देखणी, विकायला गेलं की कोणी विचारत नाही. त्यांच्यापासून लांब राहा हे माझं स्पष्ट मत.

आता हात जोडून एक विनंती. घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, सोडा, सराफाकडचं पॉलिश, काहीही नको. चांदी काळी पडली म्हणजे खराब झाली असं आपल्या घरात समजतात कारण देवाची भांडी आपण घासतोच, पण नाण्यावरचा तो काळसर-निळसर थर त्याच्या वयाचा पुरावा आहे, तो घालवला की बारीक ओरखडे राहतात आणि जमवणारा माणूस एका नजरेत ओळखतो. मग ते नाणं फक्त चांदी उरतं. म्युनिकच्या साध्या नाण्याला घासल्याने फार बिघडत नाही, पण प्रूफ मॉन्ट्रियल, एशियाड आणि फिनलंडचं घासलं तर पैसे गटारात. नाण्यावर हिरवट चिकट काही दिसलं तर ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचं आहे, ते शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढता येतं, न चोळता, आणि खिडकी उघडी ठेवून, गॅसजवळ अजिबात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वेगळं, त्यात तेल आणि सुगंध असतो. पुढे ठेवायला कडक प्लास्टिकच्या कॅप्सूल, डब्यात सिलिका जेलची पुडी, पावसाळ्यानंतर पुडी बदला. रबरबँड आणि वर्तमानपत्र डब्यातून आजच काढा, दोन्हींतलं गंधक चांदीला डागतं.

विकायचं कसं? म्युनिक आणि मॉस्कोची नाणी चांदीच्या भावाने विका, पण सराफाआधी एखाद्या नाणी विकणाऱ्याला विचारा, त्याला वितळवायचं नसतं, तसंच पुढे विकायचं असतं, म्हणून घट कापायची त्याला गरज नाही. मोडीच्या भावापेक्षा थोडा वर आकडा यायला हरकत नाही. मॉन्ट्रियलचा बॉक्स, एशियाडचं १०० आणि फिनलंडचं नाणं ही तीन वेगळी काढा आणि पुणे-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे घेऊन जा, किमान तिघांकडून भाव घ्या आणि पहिल्याला लगेच हो म्हणू नका. कोणी म्हणालं "सगळा डबा एका रकमेत देता का" तर समजा त्याला त्यातलं एखादं नाणं ओळखता आलंय.

आणि त्या जाहिरातीवर नंबर देऊन बसला असाल तर ब्लॉक करा. त्यांची पद्धत ठरलेली, आधी लाखोंचा आकडा, मग "रजिस्ट्रेशन फी", मग "जीएसटी", मग "आरबीआयची परवानगी". रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी त्यांचा संबंध नाही आणि ते अशी कुठली फी-कमिशन घेत नाहीत. खरा घेणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही, देतो.

राहिला प्रश्न अजून घेण्याचा. गुंतवणूक म्हणून चांदी हवी असेल तर चांदीच घ्या, नाण्याचा प्रीमियम कशाला भरता, तो विकताना परत मिळत नाही. नाणी आवडतात म्हणून घ्यायची असतील तर एखादा धागा पकडा, समजा भारताला पदक मिळालेली अटलांटापर्यंतची ऑलिम्पिक एवढाच, हेलसिंकी, टोकियो, मेक्सिको, म्युनिक, मॉस्को, अटलांटा, म्हणजे सहा-सात नाण्यांत संपतो आणि खिशाला जड होत नाही. टोकियो आणि हेलसिंकी सोडून बाकी सगळी (अटलांटाचं प्रूफ घेतलं तर) वापरलेल्या बाजारात शांतपणे शोधली तर चांदीच्या आसपास मिळतात. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून हिशेब करा, बऱ्याच वेळा इथल्याच जुन्या माणसाकडून घेतलेलं स्वस्त पडतं. फिनलंडच्या नाण्याचा सालाच्या बाजूचा फोटो तेवढा टाका, उजेड तिरका ठेवा आणि फ्लॅश बंद.